नाईट कर्फ्यूत फुटपाथवरच्यांनी जायचं कुठं?

गल्ल्यावरचा:
काल 22 डिसेंबर 2020 पासून रात्री 11 ते सकाळी 6 नाईट कर्फ्यू लागला. इंग्लंडमधून कोरोनाचा नवीन प्रकार येतोय, मान्य. पण घरी बसा म्हणताय तर घर कुठंय ते पण सांगा. मी नऊ वर्षं एका हॉटेलात, आधी टेबल पुसायला मग गल्ल्यावर. पगार, जेवण आणि झोपायला माळा, सगळं एकाच शेठकडं. मार्चला शटर पडलं, गावी गेलो, 5 ऑक्टोबरला हॉटेलं निम्म्या गिऱ्हाइकांवर उघडली म्हणून पळत आलो तर शेठ म्हणे स्टाफ पण निम्माच लागतो. म्हणजे नोकरी गेली त्याच दिवशी अंथरूण पण गेलं. आता दादर-परळच्या मधे एका पुलाखाली, दोन महिने होतील. काल साडेअकराला गाडी आली, काठी खांबावर टक टक टक, उठा. आधार दाखवलं तर पत्ता उस्मानाबादचा, मग इथं काय करतोस. झोपतोय साहेब. चल पुढं. पुढं म्हणजे पुढच्या पुलाखाली, तिथं पण हेच. रात्रभर चालून चालून कर्फ्यू पाळला.

पार्काजवळचा:
वाईट वाटलं वाचून, पण दुसरी बाजू कोण बोलणार? लॉकडाऊननंतर आमच्या गल्लीत दोन स्कूटरच्या बॅटऱ्या गेल्या. तुम्हीच नेल्या असं म्हणत नाही, पण आई सकाळी फिरायला जाते ती फुटपाथवरून उतरून गाड्यांच्या मधून चालते, वय 74. टॅक्स भरून हे? आणि गावी शेत असेल ना, मुंबई काय धर्मशाळा आहे का?

गल्ल्यावरचा:
शेत आहे भाऊ, दोन एकर. सोयाबीन काढून गंजी लावलेली, ऑक्टोबरच्या पावसात गंजीतच मोड आले. बापाने दोन्ही हातांनी उचलून दाखवलं, काळं, वास मारणारं. तिथं आणखी एक तोंड कुठं वाढवू?

बीडीडीतली सून:
काठी वाजवणाऱ्याची पण ऐका जरा. माझे मिस्टर हवालदार. मार्चपासून बंदोबस्त, नाकाबंदी, मास्कच्या पावत्या, घरी आले की बाहेरच्या नळावर आंघोळ कारण बीडीडी चाळीतल्या 160 फुटाच्या सरकारी खोलीत सासूबाई, दोन पोरं आणि मी. त्यांच्याबरोबरचे दोघं कोविडने गेले. वरून ऑर्डर येते रस्ता रिकामा दिसला पाहिजे, सकाळी फोटो पाठवायचा. माणसं कुठं न्यायची ते ऑर्डरमध्ये नसतं, गाडीत पण चौघांच्या वर मावत नाहीत. आणि आम्ही तरी काय, रिटायर झाले की खोली खाली करा. मग आमचा पूल कुठला ते बघावं लागेल. 🙏

एलएलबी_तिसरं_वर्ष:
ताई, मिस्टरांवर राग नाहीच, पण 'वरून ऑर्डर' हाच तर सगळा घोळ आहे. सुप्रीम कोर्टाने 2010 मध्येच सांगितलंय, शहरात दर लाख लोकांमागे एक रात्रनिवारा. 2011 च्या जनगणनेत मुंबई 1 कोटी 24 लाख, म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत, तेवढे कधी झालेच नाहीत. उलट 1959 चा भीक मागण्याविरुद्धचा कायदा आपल्याकडे अजून जिवंत आहे, त्यात नुसतं पोटापाण्याचं साधन न दिसता भटकत असलात तरी तुम्ही भिकारी, पहिल्यांदा सापडलात तर 1 ते 3 वर्षं आत. दिल्ली हायकोर्टाने 2018 मध्ये दिल्लीपुरती त्यातली शिक्षेची कलमं उडवली, आपण अजून तिथंच. आणि 1985 ची ओल्गा टेलिस केस आहेच, तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुलेंनी 1981 ला फुटपाथवरच्यांना बसमध्ये कोंबून बाहेर काढायचं ठरवलं त्यावरून झालेली. कोर्ट म्हणालं रोजीरोटी हा जगण्याच्या हक्कातच येतो.

पार्काजवळचा:
अर्धीच केस सांगू नको मित्रा. त्याच निकालात फुटपाथ अडवायचा हक्क कुणालाही नाही असंही आहे. नोटीस देऊन आणि पावसाळा संपल्यावर काढा म्हणाले, काढू नका नाही म्हणाले.

एलएलबी_तिसरं_वर्ष:
बरोबर, तो मुद्दा तुमचा. पण नोटीस तरी द्या ना, काठी म्हणजे नोटीस नव्हे.

पार्काजवळचा:
ओके. पण मंदी काय एकट्या यांनाच आहे का? एप्रिल-जूनमध्ये जीडीपी 24 टक्क्यांनी खाली, नंतरची तिमाही पण मायनस साडेसात. माझा पगार 30 टक्के कापलाय, ईएमआय चालूच.

बीडीडीतली सून:
कापलेला पगार खात्यावर येतो तरी. शेजारचा पोरगा मेडिकल स्टोअरमध्ये होता, आता रोज नाक्यावर उभा राहतो, पेंटर नसून पेंटरच्या रांगेत. @गल्ल्यावरचा, जेवता कुठं?

गल्ल्यावरचा:
दुपारी शिवभोजन, 5 रुपयात दोन चपात्या, भाजी, वरण, भात. त्याला खरंच नाव ठेवणार नाही. संध्याकाळी वडापाव नाहीतर पाणी. मोबाईल टपरीवर चार्ज करतो, 10 रुपये, म्हणजे चार्जिंग जेवणापेक्षा महाग 😅 पण कामाचा फोन आला आणि बंद असला तर संपलंच.

पार्काजवळचे भाऊ, आईंचं पटलं. कडेचा भाग सोडून आत भिंतीला लागून झोपतो, सकाळी साडेपाचला गुंडाळतो सगळं.

आज गाडी परत आली होती, वेगळे हवालदार, जरा बरे होते. म्हणाले पाच जण एकत्र दिसले की जमाव धरतात, चौघंच झोपा. आम्ही पाच आहोत. मी पलीकडच्या खांबाला आलोय.