नवरा तिकडे, बायको कोकणात (किंवा उलट): जोडीदाराच्या स्पॉन्सरशिपवर पीआर (परदेशात कायम राहायचा परवाना), अनुभव धागा

लग्न मे महिन्यात, नवरा जूनमध्ये टोरांटोला परत, आणि आगोट लागली तरी बायको विचारतेच आहे, "फाइल कधी भरायची?" अशी घरं आता कोकणाला नवी नाहीत. म्हणून हा धागा. आम्ही कसे भेटलो, पत्रिका कशी जुळली, हे इथे नको. कागद कोणता, कुठे अडतं, का अडतं एवढंच लिहा. आणि देश आधी सांगा. कॅनडाचा नियम अमेरिकेला लावून फार गोंधळ होतो.

चिपळूणहून

देश कुठलाही असो, पहिली गाठ नावाची. आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहितात. ते नाव रेशनकार्डावर चढतं, आधारवरही चढतं. पासपोर्टवर मात्र माहेरचं नाव, मधे वडिलांचं. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी. म्हणजे एकाच बाईची तीन-चार नावं, आणि तिकडचा अधिकारी त्या तीन-चार बायका समजतो.

उपाय सोपा आहे, पण फाइल भरण्याआधीच करायचा. फॉर्ममध्ये नाव पासपोर्टवर जसं छापलंय तसंच, अक्षर न अक्षर. "इतर कोणतं नाव वापरलं आहे का" या रकान्यात बाकीची सगळी नावं लिहायची, तांदळातलंसुद्धा. तिथे "नाही" लिहिणं ही सगळ्यात महाग चूक. जोडीला "ही सर्व नावे एकाच व्यक्तीची" असं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललंच पाहिजे अशी अट नाही. बदलायचं असेल तर फाइल भरण्याआधी तरी बदला किंवा पीआर हातात पडल्यावर. मधेच बदललं की पोलीस दाखला, मेडिकल आणि व्हिसा यांत मेळ राहत नाही.

दुसरी गाठ जन्मतारखेची. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लावलेल्यांची संख्या आपल्याकडे कमी नाही. पासपोर्ट शाळेच्या दाखल्यावर निघालेला आणि जन्मनोंद वेगळ्याच तारखेची, असं असेल तर दोन्ही तारखा उघड सांगून खुलासा जोडावा. लपवलेली तारीख कुठल्या तरी जुन्या व्हिसा अर्जातून बाहेर येतेच.

जन्मनोंद सापडत नसेल तर आधी आजोळच्या ग्रामपंचायतीत शोधा. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे नोंद वडिलांच्या गावात नसतेच मुळी. तिथेही नसेल तर "नोंद आढळत नाही" असा अनुपलब्धता दाखला घ्यायचा. वर्षाहून जुना जन्म उशिरा नोंदवायचा झाल्यास पूर्वी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागायचा. १ ऑक्टोबर २०२३ पासून ते अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आहेत.

गुहागरहून

लग्ननोंदणीवर लिहितो, कारण इथे गैरसमज पक्के बसलेत.

ग्रामपंचायतीत ग्रामसेवक नोंद करतो ती *झालेल्या* लग्नाची. वधू-वर, ३ साक्षीदार, लग्न लावणाऱ्या भटजींची सही, लग्नपत्रिका, फोटो, वयाचे आणि पत्त्याचे पुरावे. ९० दिवसांच्या आत गेलं तर बरं, नंतर विलंब शुल्क लागतं.

आता होतं काय, मुलगा १५ दिवसांच्या सुट्टीवर येतो, साखरपुडा होतो, विधी पुढच्या वर्षी ठरतात, आणि कोणीतरी शहाणा सुचवतो की फाइलसाठी आत्ताच नोंद करून टाकू. विधी न करता हिंदू विवाह म्हणून नोंद करू नका. विधीच झाले नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने हिंदू विवाह होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे. शिवाय वर्षभराने मांडवात काढलेले फोटो फाइलमधल्या तारखेशी भांडतात ते वेगळंच.

आधी कायदेशीर लग्न हवंच असेल तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली करा. जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. नोटिशीच्या आधी दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवं. मग ३० दिवस थांबायचं, आणि नोटीस दिल्यापासून ३ महिन्यांच्या आत ३ साक्षीदारांसमोर लग्न. म्हणजे १५ दिवसांच्या सुट्टीत हे बसत नाही. दोघांची नोटीस इथे आधीच गेलेली असेल तर बसतं. पुढे विधी केलेत तर फॉर्ममध्ये लग्नाची तारीख कायदेशीर लग्नाचीच लिहायची आणि विधींचा उल्लेख खुलाशात करायचा.

व्हिडिओ कॉलवर लग्न लावून फाइल भरायचा विचार असेल तर सोडून द्या. दोघं एका जागी हजर नसलेलं लग्न कॅनडा ११ जून २०१५ पासून धरत नाही.

खेडहून

आमच्या भागात निकाहनामा उर्दूत. तो एकटा पुरत नाही. कॅनडाला सरकारी दप्तरातली नोंद लागते, म्हणून ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेचं प्रमाणपत्र घ्यावंच, आणि निकाहनाम्याचा इंग्रजी अनुवाद जोडावा. अनुवाद घरातल्या माणसाने केलेला चालत नाही, तो वकील असला तरी. अनुवादकाने दोन्ही भाषा येतात असं शपथेवर लिहून द्यायचं आणि सोबत मूळ कागदाची प्रत लावायची. मराठी कागदांनाही हेच लागू.

दुसरं आखाताचं. कॅनडाला गेल्या १० वर्षांत, वयाच्या १८ नंतर, सलग ६ महिने किंवा जास्त राहिलेल्या प्रत्येक देशाचा पोलीस दाखला लागतो. कुवेत, सौदी, कतार सोडून घरी आल्यावर तो मिळवणं म्हणजे बोटांचे ठसे, वकिलात, साक्षांकन आणि महिनोन् महिने. अजून तिकडेच असाल तर तो कसा काढायचा याची चौकशी एक्झिट मारण्याआधीच करून ठेवा. एकदा सोडलेल्या देशाचा दाखला, तिथला शेवटचा मुक्काम संपल्यानंतरचा असेल, तर जुना असला तरी चालतो. आत्ता राहत असलेल्या देशाचा मात्र अर्जाच्या आधीच्या ६ महिन्यांतला हवा. भारताचा दाखला पासपोर्ट सेवाच्या साइटवरून, ५०० रुपये.

दाभोळहून, बोटीवाल्यांसाठी

कॅनडाच्या शेड्यूल ए मध्ये (फॉर्म आयएमएम ५६६९) १० वर्षांचा महिनेवार हिशेब मागतात. एक महिनाही रिकामा नको. बोटीवरचं प्रत्येक कंत्राट वेगळ्या ओळीत: बोटीचं नाव, हुद्दा, चढल्या-उतरल्याची तारीख. दोन कंत्राटांमधले ४ महिने घरी नारळ पाडत होतात ना, तर तिथे "बेरोजगार" लिहा, लाजू नका. तारखा सीडीसीच्या (खलाशाच्या नोंदपुस्तकाच्या) शिक्क्यांवरून उतरवा, आठवणीतून नको.

रत्नागिरीहून

कॅनडाचे फॉर्म. स्पॉन्सरच्या बाजूने आयएमएम १३४४, दोघांचा मिळून नात्याच्या माहितीचा ५५३२, जोडीदाराचे ०००८, ५६६९ आणि ५४०६, वर चेकलिस्ट ५५३३. सगळं पीआर पोर्टलवरून ऑनलाइन. १३४४ वर दोघांच्या सह्या लागतात. एक सही राहिली की अख्खी फाइल परत येते, आणि मधला वेळ मोजला जात नाही.

फी एप्रिल २०२४ च्या दराने: स्पॉन्सरशिप ८५, प्रक्रिया ५४५, पीआर हक्काची ५७५, बायोमेट्रिक ८५, एकूण १,२९० कॅनेडियन डॉलर. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये ती वाढते, म्हणून भरायच्या दिवशीचा आकडा पाहूनच भरा. ५७५ नंतर भरता येतात, पण आधी भरले तर शेवटी पत्रापत्रीत वेळ जात नाही, आणि नकार आला तर तेवढे परत मिळतात.

नवरा-बायकोसाठी किमान उत्पन्नाची अट साधारणपणे नाही. ती अट आईवडिलांना बोलावताना आहे, आणि एजंट नेमकी तीच दाखवून घाबरवतात. मात्र स्पॉन्सर अपंगत्वाखेरीज इतर कारणाने सरकारी मदतीवर जगत असेल तर चालत नाही. जबाबदारीचं हमीपत्र ३ वर्षांचं, आणि मधे घटस्फोट झाला तरी ते सुटत नाही. स्पॉन्सर स्वतः असाच जोडीदाराच्या जोरावर पीआर झाला असेल तर त्याला पुढची ५ वर्षं दुसऱ्या जोडीदाराला बोलावता येत नाही. स्पॉन्सर नुसता पीआर असेल तर त्याचं वास्तव्य कॅनडातच हवं. गणपतीची सुट्टी चालते, मुक्काम हलवलेला चालत नाही. नागरिक असेल तर बाहेरूनही भरता येतं.

५५३२ मध्ये खरी परीक्षा. ठरवून केलेलं लग्न तिकडच्या अधिकाऱ्याला नवं नाही, पण क्रम लिहून द्यावा लागतो: स्थळ कोणी आणलं, बघण्याचा कार्यक्रम कधी, होकार कधी, साखरपुडा कधी, लग्न कधी, लग्नाला दोन्हीकडचे कोण होते. ८ दिवसांत सगळं उरकलं असेल तर "मुलाची रजा एवढीच होती" हे रजेच्या पत्रासकट सांगा. आईवडील लग्नाला नव्हते आणि कारण दिलेलं नाही, इथे संशय सुरू होतो.

पुरावा म्हणून फोटो २० पर्यंत आणि संभाषणाची १० पाने, त्यापलीकडे चेकलिस्ट मागत नाही. लोक हळदीचेच १५ फोटो लावतात. हळदीचा १, लग्नाचे ५-६, देवदर्शनाचा, सासरी-माहेरी घरच्यांबरोबरचे, नंतरच्या भेटींचे, असे काळ पुढे सरकताना दिसले पाहिजेत. प्रत्येकाखाली तारीख, जागा आणि माणसांचं नातं. चॅट सलग १० पाने एकाच दिवसाचे नकोत. वेगवेगळ्या महिन्यांतले निवडा, मराठी असतील तर अनुवादासह. पैसे पाठवल्याच्या पावत्या, विम्यात वारसदार म्हणून नाव, विमानाची तिकिटं हे जास्त वजनदार.

आणि मूल असेल, आधीच्या लग्नातलंसुद्धा, बरोबर न्यायचं नसलं तरी फॉर्ममध्ये लिहायचंच आणि त्याचं मेडिकल करायचंच. आज लपवलेलं मूल पुढे सहसा स्पॉन्सर करता येत नाही. नियम ११७ (९) (डी) त्यासाठीच आहे.

अपॉस्टिल (कागदावर परराष्ट्र खात्याचा साक्षांकनाचा शिक्का)? कॅनडाच्या या फाइलला लागत नाही. पैसे वाचवा.

मालवणहून

एजंटाक आधी इचारा, 'माझो लॉगिन माका देतलंस काय?' नाय म्हणालो तर उठान चालूक लागा. पत्र ईमेलवर येता, ३० दिवसांची मुदत असता, आणि ईमेल त्याचो. कागद पुरे नाय तर फाइल थंयच रवता.

वेंगुर्ल्याहून

वरच्या ३० दिवसांवरून: बायोमेट्रिकचं पत्र आल्यापासून तेवढ्यात मुंबईच्या केंद्रात जायचं असतं. काजूच्या कारखान्यात सोलणीला बसणाऱ्या बायकांच्या बोटांवरचे ठसे टरफलातल्या चिकाने पुसट झालेले असतात. यंत्र घेत नाही, पुन्हा बोलावतात. पत्र यायची वाट न बघता फाइल भरली की सोलणी बंद करावी, दोन-तीन आठवडे तरी. रोज रात्री खोबरेल. मेंदी बोटांच्या टोकांवर नको, हेही नव्या नवरीला सांगून ठेवा.

प्रश्न, राजापूरहून: पहिलं लग्न स्टॅम्पपेपरवर सोडचिठ्ठी करून मोडलंय. चालेल का?

चिपळूणहून

चालत नाही असंच धरून चाला. रूढीने घटस्फोट हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ (२) ने मोडीत काढलेला नाही, पण ती रूढी त्या समाजात होती हे सिद्ध करावं लागतं. परदेशी अधिकारी न्यायालयाचा हुकूमनामा मागतो. पहिलं लग्न कायद्याने संपलेलं नसेल तर दुसरं मुळातच अवैध, आणि मग स्पॉन्सरशिपचा पायाच गेला. आधी न्यायालय, मग लग्न, मग फाइल. संमतीने असेल तर लवकर होतं. सोडचिठ्ठीनंतर दुसरं लग्न उरकून मोकळे झाला असाल तर हुकूमनामा मिळाल्यावर ते लग्न पुन्हा रीतसर लावावं लागेल. वकिलाला दोन्ही तारखा दाखवा.

अलिबागहून

अमेरिका. रस्ता वेगळा: आधी आय-१३० (नातं दाखवणारा अर्ज) आणि जोडीदाराचा आय-१३०ए. फी एप्रिल २०२४ पासून ऑनलाइन ६२५ डॉलर, कागदी ६७५. मंजूर झाला की फाइल नॅशनल व्हिसा सेंटरला, तिथे ३२५ आणि १२० भरायचे, डीएस-२६० (व्हिसाचा अर्ज) भरायचा, मुलाखत मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात.

इथे उत्पन्नाची अट *आहे*. आय-८६४ (स्पॉन्सरचं हमीपत्र) मध्ये तिथल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के दाखवावं लागतं. २०२५ च्या तक्त्यात दोघांच्या कुटुंबाला वर्षाला साधारण २६,४३७ डॉलर. कमी पडलं तर दुसरा हमीदार चालतो, पण तो अमेरिकेत राहणारा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक हवा. गावचा आंबा-बागायतदार मामा चालत नाही, सातबारा कितीही मोठा असो.

नवरा नागरिक असेल तर रांग नाही, ग्रीन कार्डवर असेल तर एफ२ए ची रांग, व्हिसा बुलेटिन दर महिन्याला बघायचं. पोचताना लग्नाला २ वर्षं झालेली नसतील तर कार्ड २ वर्षांचं येतं. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ (कार्डावरची अट काढायचा अर्ज) भरायचा. तारीख कॅलेंडरवर लिहा, तिकडून कोणी आठवण करून देत नाही.

देवगडहून

ऑस्ट्रेलिया: बाहेरून आधी ३०९ क्रमांकाचा तात्पुरता व्हिसा, मग १०० क्रमांकाचा कायमचा. फी जुलै २०२५ च्या दराने ९,३६५ ऑस्ट्रेलियन डॉलर, आणि नकार आला तर गेली. पुरावा चार बाजूंनी मागतात: पैसा, घर, समाज, बांधिलकी. फॉर्म ८८८ वर तिथल्या दोघा ओळखीच्यांची निवेदनं लागतात. कायमचा टप्पा अर्जाच्या तारखेपासून साधारण २ वर्षांनी बघतात, तेव्हा नवे पुरावे पुन्हा.

सावंतवाडीहून

शेवटी प्रवास. मेडिकल ठरलेल्या पॅनेल डॉक्टरकडेच, गावच्या डॉक्टरचा अहवाल कुणी बघत नाही. कॅनडाचं मेडिकल १२ महिने टिकतं आणि पीआरच्या कागदावरची शेवटची तारीख बहुधा त्यावरूनच ठरते. म्हणून पत्र येण्याआधी उगाच घाई करून ते उरकू नका. जून ते ऑक्टोबर रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं, गाड्या सावकाश धावतात, दरड आली तर थांबतात. मेडिकल किंवा बायोमेट्रिकसाठी सकाळी ९ ची वेळ घेऊन त्याच पहाटे तुतारी एक्स्प्रेसने दादरला उतरायचा हिशेब पावसाळ्यात करू नका. आदल्या दिवशी पोचा, वेळ दुपारची घ्या. पत्र गणपतीच्या आठवड्यात आलं तर परतीच्या गर्दीत मुंबईचं आरक्षण मिळणार नाही, बसचं बघा. मूळ पासपोर्ट, पत्राची छापील प्रत आणि जुना पासपोर्ट एका प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी पोटाशी. भिजलेला पासपोर्ट खराब म्हणून धरतात, आणि मग सगळं नव्या पासपोर्टपासून.