माळ्यावरची काळी ट्रंक: घरातल्या फौजींच्या आठवणी सांगा

मागच्या महिन्यात पाथर्डी फाट्याला शिफ्ट झालो तेव्हा माळ्यावरून आजोबांची काळी पत्र्याची ट्रंक खाली आली. झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर, रँक, नाव आणि खाली मोठ्या अक्षरात नाशिक रोड. आत एक ब्लँकेट, दाढीचा डबा आणि लोकरीच्या मोज्यात गाठ मारून ठेवलेली चार मेडल्स. मी म्हणतोय फ्रेम करून हॉलमध्ये लावू. आई म्हणते हात लावू नकोस, गाठ त्यांनी स्वतः मारलीये. आठ दिवस झाले वाद सुरूच आहे. तुमच्याकडे कोणी फौजेत असेल तर लिहा ना, काय ठेवलंय, कुठे ठेवलंय, काय आठवतं. शौर्यकथाच पाहिजेत असं अजिबात नाही.

—

फ्रेमवाल्याकडे द्यायच्या आधी प्रत्येक मेडलची कड बघा, तिथे नाहीतर मागच्या बाजूला नंबर, रँक, नाव कोरलेलं असतं. आमच्या वडिलांचं ६५ चं समर सेवा स्टार आणि ७१ चं पश्चिमी स्टार आहे. मी हौसेने ब्रासो लावून इतकं घासलं की अक्षरं पुसट झाली, तेव्हा ते नका करू. रिबन विरली असेल तर तेवढी नवीन लावता येते. नाशिक रोड कॅम्पला तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस आहे, आजोबा आर्टिलरीचे असतील तर सर्व्हिस नंबर लिहून तिथे अर्ज करा.

—

आम्ही भगूरचे, म्हणजे तोफांच्या आवाजावरच वाढलो म्हणा ना. देवळालीच्या रेंजवर फायरिंग सुरू झालं की आमच्या फडताळातले कप किणकिणायचे आणि आजी म्हणायची, घ्या, ह्यांचं ऑफिस सुरू झालं. आजोबा गनर होते, उजवा कान पूर्ण गेलेला (त्या काळी कानात कापसाचा बोळा, एवढंच). त्यामुळे जेवताना त्यांच्या उजवीकडे कोणी बसायचंच नाही, तो पाट रिकामा. आणि अख्खं घर ओरडून बोलायचं. आमच्याकडे मुलगी बघायला आलेले लोक एकदा घाबरून परत गेलेत, त्यांना वाटलं भांडणं चाललीत :) आजोबांना जाऊन १४ वर्षं झाली पण आम्ही सगळे अजून ओरडूनच बोलतो, माझ्या पोराला शाळेतून चिठ्ठी आली की हा वर्गात फार मोठ्याने बोलतो. आजोबांची आठवण म्हणून हेच आहे आमच्याकडे, मेडल वगैरे काही नाही. हां, २८ सप्टेंबरला गनर्स डे असतो, १८२७ साली त्या तारखेला ५ (बॉम्बे) माउंटन बॅटरी ही तोफखान्याची तुकडी उभी राहिली म्हणून. त्या दिवशी आजी शिरा करायची, आता मी करते.

—

माझी मामी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधून मेजर होऊन रिटायर झाली. गावात अजून नर्सबाईच म्हणतात. मामा बँकेत होते तरी १५ ऑगस्टला लोक मामांनाच हार घालायला आले होते एकदा, आता बोला. तिने तो हार काढून स्वतःच्या गळ्यात घातला आणि चहा टाकायला आत गेली.

—

सिन्नर तालुका. थोडं कडू लिहितोय, सांभाळून घ्या. काका गेल्यावर काकूची फॅमिली पेन्शन अडकली, कारण डिस्चार्ज बुकात तिचं माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. दोन वर्षं ती पिशवीत कागद घालून एसटीने हेलपाटे घालत होती, प्रत्येक खिडकीवर वेगळा कागद मागायचे (कुठली खिडकी ते लिहीत नाही). आणि त्याच दोन वर्षांत २६ जानेवारीला स्टेजवर बोलावून वीरनारी म्हणून साडीचोळी दिली. ती घरी येऊन म्हणाली, साडी छान आहे रे, पण त्या टेबलावर एक सही होती तेवढी दिली असती तर. शेवटी एका रिटायर्ड सुभेदारांनी अफिडेव्हिट वगैरे सगळं स्वतः फिरून करून दिलं, एक रुपया घेतला नाही. मला विचाराल तर मान देणं म्हणजे ते. तुमच्या ओळखीत अशी कोणी बाई असेल तर हार राहू दे, तिचे कागद बघून द्या.

—

वरच्या दादांना +१००. आमचे बाबा सियाचीनला होते, डाव्या पायाची दोन बोटं तिथेच राहिली. सत्काराला बोलावलं की त्या दिवशी हमखास शेतात काम निघतं. टाळून टाळूनही घरात अकरा शाली झाल्यात, हिवाळ्यात कांद्याच्या चाळीवर राखण करणाऱ्या पोरांना वाटून टाकतात. फक्त पाय कोणाला बघू देत नाहीत. मी एकदाच बघितलाय, लहानपणी गोदावरीवर रामकुंडात उतरताना, त्यांनी लगेच पाय पाण्यात घेतला. मी काही विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाहीये, आणि विचारावं का नाही तेच कळत नाही, म्हणून इथे लिहितेय.

—

धागा मीच काढला होता. काल आईला सगळं वाचून दाखवलं. शालींवर हसली, काकूंच्या वेळी उठून आत गेली. मग स्वतःच म्हणाली, सोड गाठ, कड बघू. तीन मेडल्सवर आजोबांचं नाव, नंबर तोच जो ट्रंकेवर आहे. चौथ्यावर नंबर वेगळा आणि नाव दुसऱ्याच कोणाचं तरी, आमच्या नात्यात असं कोणीच नाही. आईनेही कधी ऐकलेलं नाही. आजोबांनी ते का ठेवलं, परत द्यायचं होतं का, काहीच माहीत नाही. फ्रेमचं कॅन्सल. चारही परत मोज्यात, गाठ मात्र आईने मारली. सोमवारी सुट्टी टाकलीये, दोन्ही नंबर कागदावर लिहून नाशिक रोड कॅम्पला जाऊन येतो.