३५०झेडमध्ये २जेझेड: गिअरबॉक्स मॅन्युअलच ठेवावा की ८एचपी?

धागाकर्ता:
पुण्यातल्या मित्राच्या निसान ३५०झेडमध्ये टोयोटाचं २जेझेड इंजिन बसतंय, टर्बो लावून ६०० बीएचपीपर्यंत न्यायचंय. आरसीशी न जुळणारं इंजिन मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे रस्त्यावर चालत नाही, त्यामुळे गाडी ट्रेलरवरून ट्रॅकवरच जाणार. गॅरेजवाला म्हणतो, झेडएफचा ८एचपी७० ऑटोमॅटिक घाला. माझं ठाम मत, गाडीतला सहा गिअरचा सीडी००९ मॅन्युअलच राहू द्या.

८एचपी७०ची टॉर्कची (फिरवणाऱ्या जोराची) मर्यादा ७०० न्यूटन-मीटर. ६,५०० आरपीएमला ६०० बीएचपी म्हणजे साधारण ६५७, कागदावर बसतं. पण टर्बोचा टॉर्क त्याच्या बराच आधी शिगेला पोचतो. ४,५०० ला ७५० आला तर? गिअरबॉक्स टॉर्कने तुटतो, बीएचपीने नाही.

ड्रॅगवेडा:
साफ असहमत. ७०० हा कंपनीने रोजच्या वापराच्या गाडीसाठी दिलेला आकडा आहे, तुटायचा नव्हे. शिवाय बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) गिअरनुसार कमी ठेवता येतो. मॅन्युअलमध्ये प्रत्येक शिफ्टला अॅक्सिलरेटर सोडला की बूस्ट पडतो. आणि चौथ्याऐवजी चुकून दुसरा पडला तर इंजिनच संपलं! अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ पळवायची असेल तर ऑटोमॅटिकला तोड नाही.

धागाकर्ता:
मित्राला वळणांचा ट्रॅक हवाय, धावपट्टी नाही. आणि रेशो बघा: ८एचपीचा पहिला गिअर ४.७, गाडीचं डिफ (चाकांकडचा शेवटचा गिअर) ३.५४. दोन मीटर घेराच्या टायरवर ६,५०० आरपीएमला जेमतेम ताशी ४७ किमी वेग. नुसते टायर फिरत बसतील. शिवाय शिफ्टच्या क्षणी टॉर्क कमी करायला गिअरबॉक्सचा कंट्रोलर इंजिनच्या ईसीयूशी (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरशी) बोलता करायचा, ते वायरिंग वेगळंच.

ड्रॅगवेडा:
मग दुसऱ्यातून निघा की. तो ३.१३ आहे, तुमच्या मॅन्युअलच्या पहिल्यापेक्षाही (३.७९) लांब, म्हणजे टायरवर जोर कमी. क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर असल्याने क्लच जळायची भीती नाही. वायरिंगचं काम आहे, मान्य, पण ते एकदाच.

भोसरीकर:
दोघांनाही एक विचारतो, जोडणी कोण करणार? सीडी००९चं बेल हाउसिंग (इंजिनला जोडलं जाणारं घंटेसारखं कवच) गिअरबॉक्सच्या केसिंगसोबतच ओतलेलं असतं. ते कापून अॅडॉप्टर बसवावा लागतो, आणि खरा घोळ तिथे होतो. हाउसिंगचं मधलं भोक क्रँकच्या मध्याशी जुळतंय का ते बघायला फ्लायव्हीलवर मॅग्नेटिक बेस चिकटवून डायल गेज लावा, टोक त्या भोकाच्या कडेला टेकवा आणि क्रँक हाताने हळूहळू पूर्ण फिरवा. काटा एकूण जेवढा सरकेल त्याच्या निम्मी खरी चूक. ती ०.१३ मिमीच्या आत हवी. जास्त असेल तर ऑफसेट डॉवेल (हाउसिंग किंचित सरकवणाऱ्या, मध्य सरकलेल्या पिना) लागतात. हे न करता चढवलं की इनपुट शाफ्टचं बेअरिंग जातं, क्लच नीट सुटत नाही आणि लोक सीडी००९ला नावं ठेवतात. ८एचपीलाही अॅडॉप्टर लागणारच, तिथेही हेच करा.

धागाकर्ता:
हे गॅरेजवाल्याला दाखवतो. मत मात्र मॅन्युअलच. ऑफसेट डॉवेल भोसरीत एक-दोन नग करून देणारं कुणी आहे का? मोठे शॉप एवढ्या कामाला उभं करत नाहीत.