मदत हवी आहे: एक वायरलेस पॅड, तीन फोन (आयफोन १३, गॅलेक्सी एस९, रेडमी नोट ४)

तापीकाठ, जळगाव
राम राम मंडळी. घरात १५ वॉट लिहिलेला गोल क्यूआय (वायरलेस चार्जिंगचं सर्वमान्य मानक) पॅड आहे, चुंबक नसलेला. अ‍ॅडॅप्टर जुना, त्यावर आउटपुट ५ व्होल्ट २ अँपिअर. तिन्ही फोनची तऱ्हा वेगळी.
आयफोन १३: रात्रभर ठेवूनही सकाळी ८० टक्केच, कधी त्याहून कमी. हाताला चांगला गरम लागतो.
एस९: चार्जिंग सुरू होऊन तुटतं, पॅडचा दिवा लाल लुकलुकतो. कव्हरला बोटात अडकवायची रिंग चिकटवलेली आहे.
रेडमी नोट ४ वडिलांचा. चार्जिंगची पिन ढिली झाली आहे. मागे चिकटवायचा रिसीव्हर, म्हणजे पिनमध्ये खोचून फोनला वायरलेस चार्जिंग देणारी पातळ पट्टी, घ्यावा का?
सध्या दुपारी ४४ डिग्री, लाइटचा भरवसा नाही, इन्व्हर्टर आहे.

कॉइलवाला, भुसावळ
आधी अ‍ॅडॅप्टर बदला. ५ व्होल्ट २ अँपिअर म्हणजे १० वॉट. पॅडवरचे १५ वॉट मिळायला त्याला ९ व्होल्ट लागतात. ते मिळाले नाहीत की बहुतेक पॅड मुकाट्याने ५ वॉटवर उतरतात. पीडी (पॉवर डिलिव्हरी, जलद चार्जिंगची एक पद्धत) असलेला २० वॉटचा अ‍ॅडॅप्टर घ्या, त्यावर '९ व्होल्ट' छापलेलं आहे ना आणि बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणीचा आर-नंबर आहे ना ते बघा. पॅड टाइप-सी असेल तर केबलही दोन्ही बाजूंनी टाइप-सी. काही पॅड पीडीऐवजी क्यूसी (क्विक चार्ज, जलद चार्जिंगची दुसरी पद्धत) मागतात, पॅडच्या तळाशी इनपुट वाचा.

एस९चा दोष त्या रिंगमध्येच आहे. पॅड आणि फोनच्या मधे धातू आहे का ते पॅड सतत तपासत असतो. धातू सापडला की वीज तोडतो, कारण तो धातू भट्टीसारखा तापतो. रिंग काढा. गाडीच्या होल्डरसाठी कव्हरखाली लोखंडी पत्री ठेवली असेल तर तीही. कव्हर ३ मिमीपेक्षा जाड नको आणि कव्हरच्या कप्प्यात एटीएम कार्ड तर अजिबात नको. मग बॅटरीच्या सेटिंगमध्ये 'फास्ट वायरलेस चार्जिंग' चालू करा. तरी १० वॉटच्या वर तो फोन जाणार नाही, आणि पॅडशी जमलं नाही तर ५ वरच राहील.

सातपुडा_४२५, चोपडा
आयफोनमध्ये दोन गोष्टी मिसळल्या आहेत. ८० वर थांबणं हा 'ऑप्टिमाइज्ड चार्जिंग'चा भाग असू शकतो. तुम्ही रोज कधी उठता ते ओळखून फोन उरलेले २० टक्के त्याच्या थोडं आधी भरतो. उठायची वेळ रोज बदलत असेल तर त्याचा अंदाज चुकतो. ८० वर कायम थांबवायची वेगळी सोय आयफोन १५ पासून आहे, १३ मध्ये नाही.

८० च्याही खाली अडकत असेल तर दोष उष्णतेचा, किंवा फोन मधल्या जागेवरून सरकल्याचा. ॲपलने सांगितलेली वापराची मर्यादा ३५ डिग्री, आणि आपल्याकडे मे महिन्यात रात्री घरातल्या भिंतीच तापलेल्या असतात. वायरलेसमध्ये बरीचशी वीज उष्णता होऊन जाते आणि ती फोनच्या पाठीला, बॅटरीला चिकटूनच. म्हणून पॅड गादीवर किंवा उशीशी नको. फरशीवर ठेवा, पंख्याखाली, कव्हर काढून. कूलरची हवा लागली तर उत्तम, पण शिंतोडे येतील तिथे नको. पहाटे ५ ते ७ लावा, तेव्हा फरशी सगळ्यात गार असते.

बिनचुंबकी पॅडवर आयफोनला ७.५ वॉटच मिळतात. १५ हवे असतील तर मॅगसेफ (ॲपलचा चुंबकी चार्जर) किंवा क्यूआय२ (क्यूआयचा नवा, चुंबकी प्रकार) पॅड घ्यावा लागेल. आयफोन १३ आयओएस १७.२ पासून क्यूआय२ घेतो. चुंबकामुळे फोन व्हायब्रेट होऊन सरकतही नाही. पण एस९ला त्याचा उपयोग नाही. त्यावर चुंबकी रिंगचं स्टिकर लावता येतं, तेही फोनमधल्या चार्जिंगच्या कॉइलच्या (तारेच्या वेटोळ्याच्या) बरोबर मध्यावर बसलं तरच. आणि त्याने वॉट वाढत नाहीत.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर मात्र वायरनेच चार्ज करा. पॅडवर इन्व्हर्टरची बॅटरी वाया घालवण्यात अर्थ नाही.

कॉइलवाला, भुसावळ
रेडमीला रिसीव्हर घेऊ नका. मागची बाजू धातूची आहे. पट्टीच्या आतल्या बाजूला फेराइट (चुंबकी क्षेत्र अडवणारा थर) असलं तरी पॅडला धातूचा वास लागतो आणि चार्जिंग तुटत राहतं. चाललीच तरी हिशोब करा: ४१०० एमएएच म्हणजे साधारण १६ वॉट-तास, पट्टी देते जेमतेम ४ वॉट. नुकसान धरून पाच तास. वर ती पट्टी त्याच ढिल्या पिनमध्ये खोचायची आहे! मूळ दुखणं तिथंच राहतं. या फोनचा चार्जिंग पोर्ट वेगळ्या छोट्या बोर्डावर असतो, दुकानदार त्याला सीसी बोर्ड म्हणतात. तो बदलून घ्या. त्याआधी फोन बंद करून लाकडी टूथपिकने पोर्टमधली कापसाची धूळ हलक्या हाताने काढा, कधीकधी तेवढ्यानेच पिन बसते.

प्लास्टिक पाठीच्या फोनला रिसीव्हर चालतो. मायक्रो-यूएसबी रिसीव्हरचे दोन प्रकार येतात. स्क्रीन वर धरून पोर्टची रुंद कड वर आहे की खाली ते बघून घ्या, नाहीतर उलटा निघेल.

तापीकाठ, जळगाव
रिंग काढली, दिवा स्थिर झाला. अ‍ॅडॅप्टर आणतो. क्यूआय२ पॅड घेतला तर तो वडिलांच्या खाटेशेजारी राहील, आणि त्यांना पेसमेकर आहे. चालेल का?

सातपुडा_४२५, चोपडा
भाऊ, खाटेशेजारी नको. ॲपलचीच सूचना आहे: आयफोन आणि मॅगसेफ पेसमेकरपासून १५ सेंमीपेक्षा लांब, वायरलेस चार्जिंग चालू असेल तर ३० सेंमीपेक्षा लांब. झोपेत कूस बदलली की एवढं अंतर सहज मोडतं. चार्जिंग दुसऱ्या खोलीत करा, आयफोन त्यांच्या वरच्या खिशात कधीच नको, आणि पॅड घेण्याआधी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना पेसमेकरचं कार्ड दाखवून विचारा.