मदत हवी आहे : भूतकाळात क्रियापद नक्की कोणाप्रमाणे चालवायचं?

अधीरा
नमस्कार. कृपया लवकर आणि थोडक्यात सांगा, परवा सकाळी मजकूर द्यायचा आहे.

भूतकाळातल्या वाक्यात क्रियापद कोणाप्रमाणे चालवायचं? माझ्या मजकुरात एका ठिकाणी 'वाचली' खोडून 'वाचले' केलंय आणि पुढच्याच परिच्छेदात तेच 'वाचली' तसंच ठेवलंय. दोन्हीकडे कर्ता 'मी', दोन्हीकडे पुस्तकाबद्दलच बोलणं. एका ठिकाणचं 'तिने' खोडून 'ती' केलंय, दुसरीकडचं 'तिने' चाललं. तपासणारे नुसत्या लाल खुणा करतात, कारण कधीच सांगत नाहीत. कर्ता, कर्म, क्रियापद एवढं मला कळतं. त्याच्या पुढचा नियम हवाय. तक्ता असेल तर उत्तमच.

खडूफळा
कोणत्या परीक्षेची तयारी चालू आहे? अभ्यासक्रम सांगितलात तर नेमकं सांगता येईल.

तोवर हे पाठ करून ठेवा. प्रयोग मुख्य तीन: कर्तरी, कर्मणी, भावे. कर्त्याला प्रत्यय नसेल तर कर्तरी. 'ने' असेल तर कर्मणी. 'ने' आणि 'ला' दोन्ही दिसले की भावे. माझे विद्यार्थी याच युक्तीने पटापट पर्याय निवडतात. वाक्याचा अर्थ लावत बसायची गरजच पडत नाही.

निळीशाई
अधीरा, मूळ वाक्यं द्या. 'वाचली' बरोबर की चूक हे वाक्य पाहिल्याशिवाय कोणीच सांगू शकणार नाही.

जुनी_वही
'वाचले' आणि 'वाचलं' यांतला फरक आधी समजून घ्या. औपचारिक लेखनात 'वाचले', बोलण्याच्या ढंगात 'वाचलं'. साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये भर घातलेले चार, असे एकूण अठरा आहेत. ते एकदा नीट वाचले की लाल खुणा निम्म्याने कमी होतील. आजकाल ऱ्हस्व-दीर्घ कुणी पाहतच नाही याचं फार वाईट वाटतं. 'आणि' दीर्घ लिहिलेला पाहिला की मला पुढचं वाचवत नाही.

अधीरा
परीक्षा नाहीये. ऱ्हस्व-दीर्घाबद्दलही विचारलेलं नाही. एवढं लिहूनही माझी आवाज कुणापर्यंत पोचलेली दिसत नाही. वाक्यं ही घ्या, कंसात त्यांनी काय केलं ते दिलंय.

१. मी पुस्तक एका बैठकीत वाचली. (खोडून 'वाचले')
२. मी तिची सगळी पुस्तके वाचली. (ठेवलं)
३. तिने माझ्याशी मोकळेपणाने बोलली. (खोडून 'ती')
४. तिने लेखनाबद्दल बरेच सांगितले. (ठेवलं)
५. मी तिला मध्येच थांबवली. (खोडून 'थांबवले')

निळीशाई
आता बोलता येईल. प्रयोगांची नावं तूर्त बाजूला ठेवा. पाहायचं ते एवढंच: वाक्यात प्रत्यय न लागलेलं नाम कोणतं? क्रियापद त्याच्यामागे जातं.

ती पुस्तक वाचते. 'ती'ला प्रत्यय नाही, म्हणून 'वाचते'. कर्ता 'तो' केला की 'वाचतो'. वर्तमानकाळात आणि भविष्यकाळात एवढ्यावर भागतं. भूतकाळात, क्रियापदाला कर्म असेल तर, कर्त्याला बहुधा 'ने' लागतो: तिने पुस्तक वाचले. आता कर्ता क्रियापदाच्या हातून सुटला. उरलं 'पुस्तक', ते नपुंसकलिंगी एकवचनी, म्हणून 'वाचले'. कादंबरी असती तर 'वाचली', लेख असता तर 'वाचला'. वाचणारी बाई असो की बुवा, काही फरक पडत नाही. आणि कर्त्यालाही प्रत्यय, कर्मालाही प्रत्यय असेल तर क्रियापदाला जायला कोणीच उरत नाही. मग ते नपुंसकलिंगी एकवचनात थांबतं. तुमचं पाचवं वाक्य तसं आहे.

तुमची खरी अडचण 'मी'मुळे झालीय. 'मी', 'आम्ही', 'तू', 'तुम्ही' यांना 'ने' लागलेला दिसत नाही, तृतीयेतही 'मी'चा 'मी'च राहतो. 'मी पुस्तक वाचते' यातला 'मी' वेगळा आणि 'मी पुस्तक वाचले' यातला वेगळा, पण दिसायला अगदी सारखे. शंका आली की 'मी'च्या जागी 'ती' घालून वाक्य म्हणून पाहा. 'तिने' म्हणावंसं वाटलं तर तिथे 'ने' लपलेला आहे असं समजा आणि कर्माकडे बघा.

पहिल्या आणि दुसऱ्या वाक्याचा घोळ आणखी वेगळा आहे. हे रूप पाहा:

आंबा खाल्ला, आंबे खाल्ले
चिंच खाल्ली, चिंचा खाल्ल्या
फळ खाल्ले, फळे खाल्ली

'ली' दोनदा आलंय. एकदा स्त्रीलिंगी एकवचनात, एकदा नपुंसकलिंगी अनेकवचनात. 'ले'सुद्धा दोनदा. म्हणून 'पुस्तके वाचली' बरोबर आणि 'पुस्तक वाचली' चूक. अक्षरं तीच, पण दुसऱ्या वाक्यातलं 'ली' हे चिंचेचं 'ली' नव्हे, फळांचं आहे.

खडूफळा
एवढं लांबण लावून नवशिक्याचा गोंधळ वाढतो. 'ने' आणि 'ला' दिसले की भावे, यात न समजण्यासारखं काय आहे?

निळीशाई
आईने मुलाला गोष्ट सांगितली.

'ने' आहे, 'ला' आहे. भावे आहे का?

खडूफळा
नाही, कर्मणी. तिथे 'मुलाला' चतुर्थी आहे. युक्ती द्वितीयेच्या 'ला'साठी आहे, वर्गात मी ते सांगतो.

निळीशाई
म्हणजे युक्ती वापरण्याआधी द्वितीया कुठली आणि चतुर्थी कुठली ते ओळखायचं. त्यापेक्षा प्रत्यय नसलेलं नाम शोधणं सोपं नाही का? 'गोष्ट' मोकळी आहे, म्हणून 'सांगितली'. 'किस्सा' ठेवा, 'सांगितला' होईल. परीक्षेत पर्याय समोर असतात तिथे तुमची युक्ती वेळ वाचवत असेल, ते मी नाकारत नाही. इथे बाईंना वाक्य स्वतः रचायचं आहे.

वाटसरू
पाचवं वाक्य चूक का ठरवलं? आमच्या घरी सगळे 'तिला थांबवली', 'मुलाला शाळेत घातला' असंच म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या बोलतोय. पुस्तकात नाही म्हणून चूक म्हणणं मला पटत नाही.

निळीशाई
चूक मीही म्हणणार नाही. व्याकरणात त्याला कर्म-भाव संकर असं नाव आहे, म्हणजे कर्माला 'ला' लागूनही क्रियापद त्याच्याच लिंगवचनाप्रमाणे चालतं. बोलण्यात ते खूप ऐकू येतं. छापायच्या मजकुरात मात्र संपादक बहुधा 'थांबवले'च ठेवतात.

जुनी_वही
मूळ ग्रंथ वाचल्याशिवाय हे प्रश्न सुटत नाहीत. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ चं, मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ चं. दामल्यांचा ग्रंथ सावकाश, टिपणं काढत वाचावा. माझा आग्रह आहे की लिहिणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा तरी हाताळावा.

अधीरा
परवा सकाळी द्यायचं आहे हो.

निळीशाई, 'ली' दोनदा येतं हे आत्ता लख्ख कळलं, आजवर मला कुणीच ते दाखवलं नव्हतं. पण तिसरं वाक्य? तुमच्या पद्धतीने 'मी'च्या जागी 'ती' घालून पाहायला गेले तर मला 'तिने बोलली'च म्हणावंसं वाटतं. मग कसं ओळखायचं?

दुभाषी
अधीरा, एक विचारते. तुमचं शिक्षण हिंदीतून झालंय का? वर 'माझी आवाज पोचलेली दिसत नाही' असं लिहिलंत, म्हणून वाटलं.

अधीरा
हो, शाळा पूर्ण हिंदीतून आणि घरीही हिंदीच. मराठी कामाच्या ठिकाणी बोलत बोलत आली. पण व्याकरण मी मराठीचंच विचारतेय, त्याने काय फरक पडतो?

दुभाषी
सगळा फरक त्यानेच पडतो. वरची सगळी उत्तरं ज्याच्या कानात मराठी बसलेली आहे त्याला उपयोगी आहेत. तुमचा कान तुम्हाला हिंदीचं उत्तर देतो. मी दोन्ही भाषांत काम करते, आणि हिंदीतून मराठीत आलेल्यांचं लिखाण बरंच पाहिलंय. अडतं ते दोन जागी.

पहिली जागा लिंगाची. हिंदीत नपुंसकलिंग नाही. 'पुस्तक' तिथे स्त्रीलिंगी, म्हणून 'मी पुस्तक वाचली' तुम्हाला खटकतच नाही. निळीशाई म्हणतात तसं कर्माकडे तुम्ही बरोबर बघत होतात, फक्त कर्माचं लिंग हिंदीतलं घेत होतात! घर, पत्र, काम, पाणी, दही हे हिंदीत पुल्लिंगी आणि मराठीत नपुंसकलिंगी. 'आवाज' आणि 'आत्मा' हिंदीत स्त्रीलिंगी, मराठीत पुल्लिंगी. 'चाय' ती, 'चहा' तो. यावर नियम शोधत बसू नका. नवा शब्द वहीत उतरवताना त्याच्याआधी तो, ती किंवा ते लिहायचं: ते पत्र, तो आवाज, ती सवय. आणि वाक्यात शक्य तिथे विशेषण घालून पाहा. 'नवे पुस्तक' लिहिलंत की पुढे 'वाचली' लिहिताना हात आपोआप अडखळेल.

दुसरी जागा 'ने'ची. दोन्ही भाषांत भूतकाळी 'ने' आहे, त्यामुळे तो सारख्याच क्रियापदांना लागत असेल असं वाटतं. तसं नाही. हिंदीत 'उसने सीखा', मराठीत 'ती शिकली'. हिंदीत 'उसने खाँसा', 'उसने छींका', मराठीत 'ती खोकली', 'ती शिंकली'. उलटंही होतं: हिंदीत 'वह किताब लाया', मराठीत 'त्याने पुस्तक आणले'. 'बोलना'ला हिंदीत 'वह बोली' आणि 'उसने बोला' दोन्ही चालतं, पण मराठीत फक्त 'ती बोलली'. तुमचं 'तिने' तिथूनच आलंय.

कर्म असूनही भूतकाळात 'ने' न घेणारी क्रियापदं मराठीत थोडीच आहेत, ती सरळ लक्षात ठेवा: बोलणे, विसरणे, शिकणे, भेटणे, नेसणे. ती खोटं बोलली, ती नाव विसरली, ती मराठी शिकली, ती मला भेटली, ती साडी नेसली. 'म्हणणे'ला दोन वाटा आहेत: ती म्हणाली, पण तिने गाणं म्हटलं.

वाटसरू
'पिणे' राहिलं. मी चहा प्यायलो.

खडूफळा
'त्याने चहा प्यायला' असंही लिहितात.

वाटसरू
लिहीत असतील. कानाला 'तो चहा प्यायला' हेच गोड लागतं.

निळीशाई
दोन्ही रूपं प्रचारात आहेत. अधीरा, तुम्ही 'तिने चहा घेतला' लिहा आणि मोकळ्या व्हा.

दुभाषी, 'वह किताब लाया' मला सुचलंच नसतं, छान उदाहरण.

जुनी_वही
अवांतर : 'प्याला' हे रूपही छापलेलं आढळतं. यावर स्वतंत्र धागा काढावा का?

अधीरा
दुभाषीताई, वाचताना पोटात गोळा आला, कारण हे सगळं माझंच आहे. आत्ता मजकूर पुन्हा काढून बसले. 'मी तिचा पत्ता विसरली' असं एक वाक्य आहे, ते 'विसरले' करते, कारण विसरणेला 'ने' नाही आणि कर्ता मी. बरोबर ना? आणि 'मला तिची भाषा आवडली', यात तर मी कर्ता आहे आणि मला चक्क 'ला' लागलाय. याचं काय?

दुभाषी
'मी पत्ता विसरले' बरोबर, आणि कारणही बरोबर. पुरुष असतात तर 'विसरलो'. मराठीत 'मी' म्हणणाऱ्या बाईचं भूतकाळी रूप 'ले' होतं: मी गेले, मी बसले, मी विसरले. हिंदीतल्या 'मैं भूली'मुळे तिथे 'ली' येतं. हे 'ले' फळाच्या 'ले'पासून वेगळं आहे, तेवढं ध्यानात असू द्या. म्हणजे एकूण तीन 'ले' झाले.

'मला भाषा आवडली' याला निळीशाईंचाच नियम लावा. प्रत्यय नसलेलं नाम कोणतं? 'भाषा'. म्हणून 'आवडली'. लेख असता तर 'आवडला', पुस्तक असतं तर 'आवडले'. शालेय व्याकरणात इथे 'भाषा' हाच कर्ता धरतात. मला राग आला, मला भूक लागली, मला तिचे म्हणणे पटले, ही सगळी वाक्यं त्याच ठशाची आहेत.

खडूफळा
'मला'चं उदाहरण परीक्षेत हमखास येतं, हे मात्र सगळ्यांनी लिहून ठेवा.

अधीरा
आणि 'तू पुस्तक वाचलेस' यातला 'स'? मुलाखतीत तिला प्रश्न विचारलेत, सगळीकडे 'तू' आहे.

निळीशाई
तो 'तू'चा. 'वाचले' पुस्तकाप्रमाणे आणि शेवटचा 'स' तुमच्या 'तू'प्रमाणे, एकाच क्रियापदात दोघांची खूण. कादंबरी वाचलीस, लेख वाचलास. लिंगवचन कर्माचं घ्यायचं आणि 'स' लावायचा. पण मुलाखत छापायची असेल तर तिला 'तुम्ही' म्हणा ना, 'तुम्ही पुस्तक वाचलेत', 'तुम्ही कादंबरी वाचलीत'. पद्धत तीच, 'स'च्या जागी 'त'.

अधीरा
ती माझी मैत्रीण आहे, 'तू'च राहू दे. 'वाचलेस' करते सगळीकडे. नाही, थांबा, एका ठिकाणी कवितांबद्दल आहे. 'तू पहिल्या कविता कधी लिहिल्यास'?

निळीशाई
बरोबर. कविता लिहिल्या, म्हणून 'लिहिल्यास'.