ल्योंमध्ये आहे, थंड हवेतली सिराह कुठली घेऊ?

खवय्या_नाशिककर:
नमस्कार मंडळी. कामानिमित्त काही आठवडे फ्रान्समध्ये, ल्योंला आहे. आजवर शिराज (इथे तिलाच सिराह म्हणतात) प्यायलो ती नाशिकची, आणि एकदोनदा ऑस्ट्रेलियातल्या बरोसाची. परवा इथल्या सहकाऱ्यानं सॅं-जोसेफची बाटली उघडली. द्राक्ष तेच म्हणाला, पण वाईन पातळ, आंबटसर आणि वास चक्क काळ्या मिरीचा! आवडली की नाही ते कळेना, पण डोक्यातून जातही नाही. शनिवारी घरी चारजण जेवायला आहेत, सुकं मटण करणार आहे. पंचवीस युरोच्या आत काय घेऊ?

द्राक्षबाग:
तुमच्या नाकानं बरोबर पकडलंय. तो वास रोटंडोन नावाच्या संयुगाचा. काळ्या मिरीत तेच असतं आणि सिराहच्या सालीतही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हे २००८ साली प्रसिद्ध केलं. थंड वर्षी आणि सावलीतल्या घडांत ते जास्त मिळतं, कडक उन्हात कमी होतं.

आपल्याकडे पावसाळा संपला की छाटणी आणि जानेवारी ते मार्चमध्ये काढणी, म्हणजे घड पिकत येतात तसं ऊन चढत जातं. उत्तर रोनमध्ये, म्हणजे ल्योंच्या दक्षिणेला रोन नदीकाठी, जिथली तुमची सॅं-जोसेफ आहे, तिथे उलट. घड सप्टेंबरात पिकतात तेव्हा हवा गार होत चाललेली असते. साखर बेताची भरते, आंबटपणा टिकतो. मद्यार्क बहुधा साडेबारा-तेरा टक्क्यांच्या आसपास, बरोसात साडेचौदाही सहज. म्हणून हिला पातळ म्हणू नका, मला तर ती सुटसुटीत वाटते. जांभळ्या फुलांचा वास, काळे ऑलिव्ह, थोडा धुरकट मांसाचा वास आणि शेवटी मिरी. बरोसाच्या जॅमसारख्या गोडसर फळात हे सगळं दबून जातं.

आता खरेदी. इथे लेबलवर द्राक्षाचं नाव सहसा नसतं, गावाचं किंवा भागाचं असतं. तुमच्या पैशात क्रोझ-एर्मिताज आरामात येईल, नीट शोधलं तर सॅं-जोसेफही. कोत-रोती आणि एर्मिताज विसरा, खूप महाग. कोर्नास शनिवारी नकोच. ती शंभर टक्के सिराह, पण तरुणपणी फार तुरट, काही वर्षं ठेवावी लागते.

मिरपूड:
क्रोझला माझंही मत. पण मटणात लाल तिखट किती? तिखटानं वाईनमधला मद्यार्क जिभेला जास्त झोंबतो आणि तुरटपणाही कडक लागतो. लाल तिखट निम्मं करा आणि उतरवताना ताजी कुटलेली मिरी घाला. खोबरं नेहमीसारखं चालेल. आणि बाटली आधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, पंधरा-सोळा अंशांवर ती खुलते. खोलीच्या उष्णतेत नुसती दारू जाणवते.

किवी_काकू:
मी न्यूझीलंडला असते. पुढे कधी इकडे आलात तर हॉक्स बेची सिराह घ्या. १८६७ च्या पुरानं नदीचं पात्र बदललं आणि मागे गोट्यांची जमीन उरली, ती गिम्ब्लेट ग्रॅव्हल्स. हवा गार, पण गोटे उन्हानं तापतात म्हणून द्राक्ष पिकतं. मिरी तशीच, फळ थोडं जास्त.

खवय्या_नाशिककर:
मंडळी, मनापासून आभार. @द्राक्षबाग, एक शंका. माझ्या बायकोला त्या बाटलीत मिरी अजिबात जाणवली नाही. तिचं नाक तर माझ्यापेक्षा तीक्ष्ण.

द्राक्षबाग:
तिचं बरोबर असणार. चाचणीत सुमारे पाचातल्या एकाला रोटंडोनचा वास, मात्रा वाढवूनही, आला नव्हता. पाहुण्यांतही असं कोणी निघू शकतं, तेव्हा मिरीचं वर्णन आधी सांगू नका, प्रत्येकाला काय जाणवतं ते विचारा. आणि एक दिवस मोकळा मिळाला तर रेल्वेनं टॅं-एर्मिताजला जा, ल्योंहून तासाभराचा रस्ता. स्टेशनातून बाहेर पडलात की एर्मिताजची टेकडी समोरच आहे. दक्षिणेकडे तोंड केलेला तो उतार पाहिलात की या थंड भागात सिराह पिकते कशी, ते कळेल.