शांतिसेना श्रीलंकेत कोणासाठी गेली होती?

प्रश्न: निवृत्त सुभेदार, पेडणे

दरवर्षी १९ डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनी, गावातील शाळेत मला मंचावर बसवले जाते. १९६१ च्या कारवाईशी माझा काहीही संबंध नाही, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता; मी लढलो तो श्रीलंकेत, भारतीय शांतिसेनेत, आणि त्याविषयी सहसा कोणी विचारत नाही. यंदा सातवीतील एका मुलीने विचारले, "तिथल्या लोकांनीही तुम्हाला हार घातले होते का?" "घातले होते," एवढेच बोलून मी खाली बसलो.

ते उत्तर अर्धे होते. २९ जुलै १९८७ रोजी पंतप्रधान राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी तेथील यादवी थांबवण्यासाठी कोलंबोत करार केला. त्यानंतर उत्तरेकडील तमिळबहुल जाफन्यात उतरलेल्या पहिल्या तुकड्यांना तमिळ लोकांनी खरोखरच हार घातले; पण ऑक्टोबरमध्ये स्वतंत्र तमिळ राज्यासाठी लढणाऱ्या एल.टी.टी.ई. या सशस्त्र संघटनेशीच आमचे युद्ध जुंपले, आणि मी १९८८ मध्ये तेथे पोहोचलो तेव्हा आम्हाला पाहताच दारे लागत. एका पहाटे गावाला वेढा घालून झडती घेताना मी एका घराचे ताडपानांचे कुंपण बुटाने पाडले. तांबडी माती, विहीर, नारळाची झाडे. आमचेच पेडणे वाटावे असे अंगण. आतली म्हातारी चकार शब्द बोलली नाही. शस्त्र एकही सापडले नाही, आणि आम्ही निघालो तेव्हा ती तेच कुंपण पुन्हा सुंभाने बांधत बसली होती.

आमचे अकराशेहून अधिक जवान तेथे कामी आले. त्यांच्या शौर्याविषयी मला शंका नाही. माझी शंका अशी की श्रीलंका सरकार आणि तमिळ बंडखोर या दोन बाजूंच्या मध्ये उभे राहायला गेलेले, तेथील भाषाही न जाणणारे सैन्य तिसरी बाजू कधी होऊन बसले, आणि त्यातून भले कोणाचे झाले?

उत्तर: शिक्षक, साखळी

सुभेदारसाहेब, गोव्याशी तुलना करू नये असे मला वाटते. येथे साडेचारशे वर्षांची परकी सत्ता होती, लोकांचा लढा आधीपासून चालू होता, आणि सैन्याचे काम दोन दिवसांत उरकले. (पोर्तुगालने त्यालाही आक्रमणच म्हटले होते, हे मी वर्गात आवर्जून सांगतो, मुले चिडतात, पण विचार करतात.) श्रीलंकेत आपण गेलो ते तेथील सरकारच्या संमतीने. करारावर सह्या दोन सरकारांच्या होत्या. ज्यांनी शस्त्रे खाली ठेवायची ती एल.टी.टी.ई. त्यात पक्षकारच नव्हती, आणि त्यांच्यापैकी अनेकांना काही वर्षे आधी प्रशिक्षण मिळाले होते ते भारतातच. हा घोळ दिल्लीत झाला. त्यात जवानाचा दोष कसला?

उत्तर: निवृत्त परिचारिका, फोंडा

"जवानाचा दोष कसला" असे म्हटले की चर्चा तेथेच थांबते, म्हणून लिहिते. २१ ऑक्टोबर १९८७ रोजी शांतिसेनेचे जवान जाफन्याच्या रुग्णालयात शिरले आणि रुग्ण, डॉक्टर, परिचारिका मिळून साठाहून अधिक माणसे मारली गेली. तो दिवाळीचा दिवस होता. आपल्याकडे त्याच पहाटे नरकासुर जाळून घरोघरी पोहे खाल्ले जात होते. आतून गोळीबार झाला, असे सेनेचे म्हणणे. वाचलेल्यांनी सांगितले ते वेगळेच आहे. मी आयुष्यभर रात्रपाळ्या केल्या आहेत. पांढऱ्या गणवेशातील बाई अंधुक उजेडातही ओळखू येते.

उत्तर: भरतीची तयारी करणारा, डिचोली

मग शेजारी जळत असताना हात बांधून बसायचे का? १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये मालदीवच्या सरकारने हाक मारली, आपले छत्रीधारी सैनिक गेले आणि बंड मोडले. तेथे कोणी दारे लावून घेतली नाहीत.

उत्तर: निवृत्त सुभेदार, पेडणे

बाळा, मालदीवमध्ये काम कोणते आणि ते संपले केव्हा म्हणायचे, हे जाण्याआधी ठरलेले होते. आम्हाला ते कोणी सांगितलेच नाही. पुढे श्रीलंकेत प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनीच आम्हाला निघून जायला सांगितले. २४ मार्च १९९० रोजी शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली, तेव्हा मद्रास बंदरातील स्वागताला तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी आले नाहीत. म्हणजे जाताना ज्यांच्यासाठी गेलो म्हणत होतो, त्यांना आम्ही परततानाही नकोसे झालो होतो.

ताई, त्या रुग्णालयात माझी पलटण नव्हती, असे लिहिणार होतो, लिहून खोडले. कुंपण पाडले तेव्हाही आदेश "झडती घ्या" एवढाच होता. फाटक दोन पावलांवर उघडे होते.

ही गोष्ट मी घरीही सांगितलेली नाही. पुढच्या डिसेंबरात शाळेने बोलावले तर मंचावरून सांगेन. नाही बोलावले, तर त्या मुलीचे घर देवळामागेच आहे.